दोन भागांचं गाव

मंगळवारी एल्मिनाच्या किनाऱ्यावरून मासेमारीची होडी समुद्रात जात नाही. पाणी शांत असो, मासा जवळ आलेला असो, होड्या वाळूवरच राहतात. जाळी पसरून फाटलेल्या जागा विणल्या जातात, दोर वळले जातात, गावातले तंटे सोडवायला माणसं एकत्र बसतात. घानाच्या किनाऱ्यावरच्या फांते लोकांच्या बहुतेक गावांत हाच नियम आहे. मंगळवार हा बोसोम्पोचा, म्हणजे समुद्राच्या देवाचा वार. त्या दिवशी त्याच्या अंगणात पाऊल टाकायचं नाही.

१६०२ साली हॉलंडमध्ये या किनाऱ्याविषयी एक पुस्तक छापलं गेलं. लिहिणारा पीटर डी मारीस नावाचा डच व्यापारी होता. तिथली माणसं आपल्या रविवारासारखा मंगळवार पाळतात आणि त्या दिवशी कोळी समुद्रात जात नाहीत, असं त्याने नोंदवून ठेवलं आहे. त्याला चार शतकं उलटली, आणि त्याने पाहिली तेव्हाही ही रीत काही नवी नव्हती.

एल्मिनाचा इतिहास बहुतेक पुस्तकांत किल्ल्यापासून सुरू होतो. पोर्तुगीजांनी १४८२ साली इथे किल्ला बांधला, सहाराच्या दक्षिणेला युरोपियनांनी उभारलेली आणि आजही उभी असलेली ती सर्वांत जुनी मोठी वास्तू, आणि मग सोनं, गुलाम, डच, इंग्रज अशी मांडणी पुढे सरकते. किल्ला पांढराशुभ्र आहे, मोठा आहे, त्याची कागदपत्रं लिस्बन आणि हेगच्या दफ्तरांत जपून ठेवलेली आहेत, त्यामुळे हे होणं स्वाभाविक आहे. पण पोर्तुगीजांनी किल्ला रिकाम्या वाळूवर बांधला नाही. तिथे गाव होतं, गावाला राजा होता, आणि ते गाव नेमकं तिथेच असण्याला कारण होतं. ते कारण आधी समजून घेतलं, तर पुढच्या पाचशे वर्षांतल्या पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात. म्हणून या प्रकरणाची सुरुवात पाण्यापासून करू.

घानाचा किनारा नकाशावर पाहिला तर तो जवळपास आडवा दिसतो, पूर्व-पश्चिम. दक्षिणेला सरळ अटलांटिक महासागर. वाटेत बेटं नाहीत, मोठी आखातं नाहीत, त्यामुळे फार दूरवरून निघालेल्या लाटा विनाअडथळा येऊन किनाऱ्यावर फुटतात. आपल्या कोकणात जशी दर काही मैलांवर एखादी खोल खाडी आत शिरते आणि होडीला आसरा देते, तशी सोय इथे फार थोड्या ठिकाणी आहे. जहाजाला किनाऱ्याजवळ येता येत नाही. ते दूर नांगर टाकून उभं राहतं. मधल्या फुटत्या लाटांचा पट्टा पार करायचा तर हलकी होडी हवी आणि लाटांमधला श्वास ओळखणारा माणूस हवा. एक मोठी लाट गेली की दुसरी येईपर्यंत किती वल्ही मारता येतील, हे त्याच्या अंगात मुरलेलं असावं लागतं.

अशा या किनाऱ्यावर एका जागी बेन्या नावाची छोटी नदी समुद्राला मिळते. नदी म्हणण्यापेक्षा खाजण म्हणावं: आत उथळ, पसरट पाणी, भरतीला खारं होणारं, आणि समुद्राकडे निघायला एक अरुंद तोंड. त्या तोंडाशी दक्षिण बाजूला खडकाची एक जिभली समुद्रात शिरली आहे. तिच्या आडोशाने लाट मोडते. होडी आत घेतली की पाणी एकदम निश्चल होतं. उत्तरेला एक छोटी टेकडी, तिच्यावरून दूरवरचा समुद्र दिसतो. आडोसा, खाजण, टेकडी आणि खडक, एवढंच भांडवल. अक्रापासून पश्चिमेला सुमारे दीडशे किलोमीटरवर असलेल्या या जागेला स्थानिक लोक आजही एडिना म्हणतात. एल्मिना हे नाव बाहेरच्यांनी दिलेलं.

आता वाऱ्याचं पाहू. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकतो, परीक्षेपुरते पाठ करतो आणि विसरतो. एडिनाच्या कोळ्याचा सगळा दिवस या दोन वाऱ्यांवर बेतलेला होता. रात्री जमीन लवकर निवते, पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्या मतलई वाऱ्याला पाठ देऊन होड्या बाहेर पडायच्या. दुपारकडे जमीन तापते, वारा उलटतो. त्या खाऱ्या वाऱ्याबरोबर होड्या घरी यायच्या. ज्यां बार्बो हा फ्रेंच व्यापारी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे दोनदा येऊन गेला. एल्मिनाहून सकाळी एका वेळी सातशे-आठशे होड्या गळ टाकायला काही मैल आत समुद्रात जातात आणि दुपारच्या वाऱ्याने परततात, असं त्याने लिहिलं आहे. बार्बोने इतरांच्या पुस्तकांतूनही पुष्कळ उचललं असल्यामुळे हा आकडा मी काटेकोर मोजणी म्हणून घेत नाही. पण तो अर्धा केला तरी दृश्य डोळ्यांपुढे उभं राहतं: पहाटेच्या करड्या उजेडात एका अरुंद तोंडातून शेकडो होड्या एकापाठोपाठ बाहेर पडताहेत.

होडी एकाच झाडाच्या खोडातून कोरलेली. मोठी होडी घडवण्याचं काम पश्चिमेकडच्या अहांता मुलखात, ताकोरादीच्या बाजूला चालायचं, कारण जाड बुंध्याची झाडं तिकडच्या जंगलात होती. म्हणजे कोळ्याचा जंगलाशी संबंध पहिल्या दिवसापासून होता. आजही घानाच्या मच्छीमार होड्या ‘वावा’ नावाच्या झाडाच्या अखंड खोडातून घडवल्या जातात. कोरलेलं खोड आतल्या जंगलातून किनाऱ्यावर आणतात आणि तिथे फळ्या चढवून तिची उंची वाढवतात.

डी मारीसने मासेमारीच्या तऱ्हा बारकाईने पाहिल्या होत्या. गळ, जाळी, भाले, आणि रात्री मशाली पेटवून उजेडाकडे येणारा मासा टिपणं. ऋतूप्रमाणे साधन बदलायचं. हे वाचताना मला त्या माणसांच्या निरीक्षणाची थोरवी जाणवते. कोणता मासा कधी, किती खोलीवर, कशाला भुलतो, ही माहिती कुठल्याही कागदावर नव्हती. ती बापाकडून मुलाकडे, होडीच्या मागच्या टोकाकडून पुढच्या टोकाकडे सरकत होती.

या समुद्राचं एक मोठं वैशिष्ट्य आहे, आणि गाव इथे वसण्यात त्याचा वाटा मोठा आहे. एरवी इथलं पृष्ठभागाचं पाणी २७-२८ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत मात्र ते २५ अंशांच्या खाली उतरतं. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ, भर वर्षाच्या मध्यात समुद्र गार होतो! कारण खालच्या थरातलं थंड पाणी वर येतं. ते का वर येतं याचं पूर्ण उत्तर किनाऱ्यावरच्या वाऱ्यात सापडत नाही. अटलांटिकच्या विषुववृत्तीय पट्ट्यात दूरवर घडणाऱ्या हालचालींचाही त्यात हात आहे. हे खालचं पाणी क्षारांनी समृद्ध असतं. वर्षानुवर्षं मेलेल्या जीवांचा, खाली बसलेल्या गाळाचा अंश त्यात विरघळलेला असतो. ते उजेडात आलं की सूक्ष्म वनस्पती झपाट्याने वाढतात, त्यांच्यावर सूक्ष्म प्राणी, आणि त्यांच्यावर तारलीच्या जातीच्या माशांचे अफाट थवे. जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास असाच, पण छोटा हंगाम पुन्हा येतो.

हे शास्त्र विसाव्या शतकातलं. पण जुलै आला की समुद्र उघडतो, हे एडिनाला कधीपासून ठाऊक होतं. जुलैच्या पहिल्या मंगळवारी तिथे बाकातुए नावाचा सण होतो. ‘बाका’ म्हणजे खाजण, ‘तुए’ म्हणजे उघडणं. त्याआधी काही आठवडे बेन्याच्या पाण्यात जाळं टाकायला बंदी असते. सणाच्या दिवशी कुसकरलेला याम कंद, पामचं तेल आणि अंडी यांचा नैवेद्य नाना बेन्या या देवतेला पाण्यात सोडला जातो. मग पुजारी पाग फेकतो. एकदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. जाळ्यात किती मासळी आली यावरून वर्षाचा अंदाज बांधला जातो आणि बंदी उठते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन मगच होडी लोटणाऱ्या आपल्या कोळी बांधवांना हे सांगायला नको. माशांच्या विणीच्या काळात पाण्याला हात न लावण्याचं शहाणपण दोन्ही किनाऱ्यांनी देवाच्या हवाली करून ठेवलं, कारण माणसाच्या शब्दापेक्षा तिथे ते सुरक्षित राहणार होतं.

मासा मिळाला, पण या हवेत तो एका दिवसात नासतो. गाव मोठं व्हायचं तर मासा टिकला पाहिजे आणि दूर गेला पाहिजे. इथे बायका आणि मीठ या दोन्ही गोष्टी पुढे येतात.

बेन्याचं उथळ खाजण म्हणजे तयार मिठागर. गिनीच्या आखाताचा किनारा एकंदरीत ओला, पण घानाच्या मधल्या आणि पूर्वेकडच्या किनाऱ्याचा पट्टा त्या मानाने कोरडा आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी सहाराकडून हरमाटन नावाचा कोरडा वारा येतो, पाणी आटतं आणि काठाला मीठ धरतं. आत, घनदाट जंगलात राहणाऱ्या अकान लोकांकडे सोनं होतं, मीठ नव्हतं. घामाच्या प्रदेशात मिठावाचून माणूस जगत नाही. त्से-त्से माशीमुळे जंगलात घोडा-बैल टिकत नसे, म्हणून सगळा माल माणसांच्या डोक्यावरून जायचा. मीठ आणि सुकवलेली, धुरावलेली मासळी आत जायची. सोन्याची धूळ, धान्य, कंद बाहेर यायचे. समुद्रावर पुरुष जायचे आणि होडी वाळूला लागली की मासा बायकांच्या ताब्यात जायचा. भाव त्या ठरवायच्या, धूर त्या द्यायच्या, बाजार त्या गाठायच्या. डोक्यावर माशांची पाटी घेऊन कित्येक मैल आत चालत जाणाऱ्या बायका डी मारीसच्या पुस्तकात आहेत. आज घानाच्या कुठल्याही मच्छी बंदरावर हेच चित्र दिसतं. होडी पुरुषाची असली तरी तिच्यात गुंतलेला पैसा पुष्कळदा बाईचा असतो.

मग गाव वसवलं कोणी? एडिनाची परंपरा क्वा अमान्क्वा हे नाव सांगते. शिकारीसाठी फिरत असताना तो या पाण्यापाशी आला आणि आनंदाने ‘मिळालं!’ अशा अर्थाचा शब्द त्याच्या तोंडून निघाला, त्यावरून नदीचं नाव बेन्या पडलं, असं सांगतात. गावाचं जुनं नाव अनोमान्सा, म्हणजे न आटणारं पाणी, असंही एक स्मरण आहे. नावांच्या अशा व्युत्पत्तींवर इतिहासकार फारसा भार टाकत नाहीत. तरी या कथेतली एक गोष्ट मला मोलाची वाटते. संस्थापक दर्यावर्दी नाही, तो शिकारी आहे, आणि तो समुद्रापाशी येतो तो जमिनीकडून. एडिनाच्या आसपासची राज्यं, पश्चिमेचं एग्वाफो आणि पूर्वेचं एफुतु, यांच्या राजधान्या किनाऱ्यापासून थोड्या आत होत्या. किनाऱ्यावरच्या वस्त्या या त्यांच्या मासे आणि मीठ पुरवणाऱ्या चौक्या. बेन्या ही या दोन राज्यांची सीमा.

१४७१ साली जुआंव द सांतारें आणि पेरू एश्कोबार हे पोर्तुगीज खलाशी या किनाऱ्यावर आले. लिस्बनचा व्यापारी फेर्नांव गोमेश याने राजाकडून गिनीच्या व्यापाराचा मक्ता घेतला होता, दर वर्षी शंभर लीग नवा किनारा शोधण्याच्या अटीवर. पश्चिमेला शामा इथे त्यांना सोनं मिळालं, आणि खाण इथेच जवळ असणार अशा समजुतीने सगळ्या किनाऱ्याला त्यांनी ‘मीना’, म्हणजे खाण, म्हणायला सुरुवात केली. खाणी प्रत्यक्षात आत जंगलात होत्या. बेन्याच्या मुखावरच्या वस्तीला त्यांनी नाव दिलं ‘दोन भागांचं गाव’. एक भाग एग्वाफोचा, दुसरा एफुतुचा, असा त्याचा अर्थ अनेक अभ्यासक लावतात. सीमेवरच्या गावाचं दैन्यही असतं आणि बळही. दोन्ही राजे त्याच्यावर हक्क सांगतात, आणि म्हणून कोणाचाच हक्क पुरता चालत नाही. एडिना पुढे स्वतंत्र राज्य झालं त्याचं बीज मला या भौगोलिक अपघातात दिसतं.

१९ जानेवारी १४८२. दियोगो द आझांबुझा याची जहाजं मुखापाशी आली, पाचशे सैनिक आणि शंभर गवंडी-सुतार घेऊन. दगड पोर्तुगालमध्येच घडवून जहाजांत भरले होते. चुना, लाकूड, कौलं सगळं बरोबर. या ताफ्यातल्या एका जहाजाचा कप्तान बार्तोलोमेउ दियास होता, जो सहा वर्षांनी आफ्रिकेचं दक्षिण टोक ओलांडणार होता. दुसऱ्या दिवशी गावचा राजा भेटीला आला. पोर्तुगीज त्याला कारामांसा म्हणतात. मूळ नाव बहुधा क्वामिना अन्सा. ढोल, शिंगं, हातापायांत आणि दाढीतसुद्धा सोन्याचे दागिने. आझांबुझाने किल्ल्यासाठी जागा मागितली.

राजाचं उत्तर पोर्तुगीज बखरकारांनी नोंदवलं आहे, घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी आणि स्वतः तिथे हजर नसताना, म्हणून त्यातले शब्द राजाचेच आहेत असं मानू नये. पण आशय नक्कीच गावाचा वाटतो. आजवर तुमची माणसं थोडी यायची, साध्या कपड्यांत यायची, व्यापार करून लगेच निघायची, आणि तरी आपलं बरं चाललं होतं. अधूनमधून भेटणाऱ्यांत प्रेम जास्त टिकतं. शेजार झाला की कुरबुरी सुरू होतात. तेव्हा तुम्ही पूर्वीसारखेच येत जा. बखरकार राजाच्या तोंडी समुद्र आणि खडकाचा दाखलाही घालतात: दोघे शेजारी, आणि म्हणून रोजची टक्कर. बेन्याच्या मुखाशी उभं राहून बोलणाऱ्याला हा दाखला शोधावा लागला नसता, तो समोरच फुटत होता. अखेर त्याने परवानगी दिली, शांतता आणि सचोटी राखण्याच्या अटीवर.

गवंड्यांनी पाया खोदायला घेतला आणि पहिल्याच घावाला तंटा उभा राहिला. ज्या खडकावर घण पडत होते तो गावाचा देव होता. लोक शस्त्रं घेऊन धावले, पोर्तुगीज माणसं जखमी झाली. आझांबुझाने आणखी भेटी पाठवून वेळ निभावली. बांधकामाच्या आड येणारी काही घरंही पाडली गेली आणि त्यांची भरपाई दिली गेली. ज्या खडकाने लाट अडवून गावाला जगवलं, त्याचेच दगड फोडून किल्ला चढला. गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेलं ते यानंतर २८ वर्षांनी. वसई, रेवदंडा, कोर्लई इथे जे आपण पाहतो, त्या साऱ्या समुद्रकाठच्या दगडी साखळीतली ही सुरुवातीची एक कडी आहे. आणि माणसंही तीच फिरत होती: १५०४ साली कालिकतच्या सामुद्रीविरुद्ध कोची लढवणारा दुआर्ते पाशेको परेरा १५१९ ते १५२२ एल्मिनाचा किल्लेदार होता.

किल्ल्याने गावाला काय दिलं आणि गावाने किल्ल्याला काय दिलं, याचा हिशेब मांडताना पुष्कळदा फक्त पहिली बाजू लिहिली जाते. दुसरी बाजू अशी. किल्ल्यातल्या मूठभर आजारी माणसांना ताजा मासा गावाने दिला, पाणी आणि सरपण दिलं. जहाज दूर उभं राहायचं. तिथपासून किनाऱ्यापर्यंत पितळी भांडी, कापडाचे गठ्ठे, दारूची पिंपं आणि उलट दिशेने सोनं, हे सगळं गावच्या होड्यांनी वाहिलं. लाटांचा पट्टा पार करण्याचं कसब युरोपियनांकडे नव्हतं, पुढेही आलं नाही. कोळ्याचं हे कौशल्य व्यापाराच्या नाक्यावर जाऊन बसलं आणि त्याला मजुरी मिळू लागली. वल्हेकऱ्यांना ‘रेमादोर’ हा पोर्तुगीज शब्द चिकटला आणि डच काळातही टिकला. पोर्तुगीजांनी एडिनाच्या माणसांना आपल्या संरक्षणाखाली घेतलं, त्यांना एग्वाफो आणि एफुतुच्या राजांपासून अलग काढलं. १४८६ साली राजा दुसऱ्या जुआंवने या ठाण्याला शहराचा दर्जाही दिला.

वलंदेजांची, म्हणजे डचांची नजर या किल्ल्यावर होतीच. १६२५ साली त्यांनी मोठं सैन्य उतरवलं, आणि ते कापलं गेलं. ते कापणाऱ्यांत किल्ल्यातले पोर्तुगीज थोडे होते, एडिनाचे लढवय्ये फार. बारा वर्षांनी डचांनी वेगळी चाल केली. उत्तरेकडच्या त्या छोट्या टेकडीवर त्यांनी तोफा चढवल्या आणि तिथून खाली मारा केला. ऑगस्ट १६३७ मध्ये किल्ला पडला. जी टेकडी कोळ्याला समुद्र दाखवत होती ती तोफखान्यालाही तितकीच सोयीची होती. पुढे डचांनी तिथेच दुसरा किल्ला बांधला.

डच आले आणि माशावर कर बसला. होडी परतली की पाच माशांतला एक डच व्यापारी कंपनीचा. किल्ल्याचा माणूस मुखाशी उभा असायचा. मला हा कर एका अर्थाने बोलका वाटतो. सोन्याचा मोह धरून इतक्या दूर आलेल्या कंपनीला अखेर गावाची खरी मिळकत कुठे आहे हे कळलं होतं. खाजणाला तोंड एकच, म्हणून मोजणंही सोपं होतं.

गाव वाढत गेलं. किल्ल्याच्या पश्चिमेला, समुद्र आणि बेन्या यांच्या मधल्या त्या अरुंद पट्टीवर घराला घर लागून दाटी झाली. या किनाऱ्यावर घरं सहसा माती-लाकडाची असत. एडिनाची घरं दगडी होती, याचं बार्बोला नवल वाटलं होतं. पट्टीवर खडक मुबलक आणि किल्ल्यावर काम करून गवंडीकाम हातात आलेलं. अठराव्या शतकात लोकसंख्या दहा-पंधरा हजारांच्या घरात होती असा अंदाज आहे. गावाचे सात भाग, प्रत्येकाची एक ‘असाफो’, म्हणजे लढाऊ तरुणांची फळी. आग लागली, होडी बुडाली, शत्रू आला, की असाफो धावायची. असाफोचं सदस्यत्व बापाकडून येतं. अकान समाजात कुळ आणि वारसा आईकडून चालतो. पण एडिनात राजाचं आसनही बापाकडूनच मुलाकडे जातं, आणि हे आजूबाजूच्या गावांपेक्षा वेगळं आहे. अनेक ठिकाणांहून आलेली, मिसळलेली माणसं एका गावात गुंफायची तर बापाचा, म्हणजे होडीतल्या जागेचा धागा सोयीचा पडला असावा, असं मला वाटतं.

अन्नही बदललं. अमेरिकेतून मका आला, आणि या किनाऱ्याने तो असा आपलासा केला की आज त्याशिवाय फांते जेवण सांगता येत नाही. मक्याचं पीठ आंबवून, पानांत बांधून, उकडून केलेले गोळे, केंके, कित्येक दिवस टिकतात. डी मारीसच्या पुस्तकात त्याचा उल्लेख आहे. होडीत न्यायला याहून चांगली शिदोरी नाही: केंके, तळलेला मासा आणि मिरची. केंके आणि मिरचीही अमेरिकेच्या पिकांची, मासा तेवढा घरचा.

या वाढीला एक काळी बाजू आहे आणि ती वगळून पुढे जाणं अन्यायाचं होईल. सुरुवातीला पोर्तुगीज इथे गुलाम आणत होते: बेनिनकडे विकत घेतलेली माणसं एल्मिनाला उतरवून आतल्या व्यापाऱ्यांना सोन्याच्या बदल्यात विकायची, आणि ती माणसं डोक्यावर माल घेऊन जंगलात जायची. नंतर ओघ उलटला. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सोन्यापेक्षा माणसांचा व्यापार मोठा झाला आणि किल्ल्याच्या तळघरांतून माणसं अटलांटिकपार पाठवली जाऊ लागली. १८१४ साली डचांनी हा व्यापार कायद्याने बंद केला. बांधलेल्या माणसांना जहाजापर्यंत नेणाऱ्या होड्या मच्छीमार गावाच्याच होत्या, वल्ही त्याच हातांत होती. गावातल्या कित्येक घरांतही गुलाम राबत होते. एडिनाच्या कर्तबगारीविषयी आदराने लिहिताना हे मनातून बाजूला सारता येत नाही, आणि सारू नये.

याच वल्हेकऱ्यांमुळे एडिनाचं नाव आणखी एका किनाऱ्याशी जोडलं गेलं. पूर्वेकडचा किनारा, आजचा टोगो आणि बेनिन, लाटांच्या बाबतीत अधिकच कठीण. तिथे व्यापार करणारी युरोपियन जहाजं एल्मिनाहून होड्या आणि वल्हेकरी बरोबर घेऊन जात. काम संपलं की ते परतत, पण सगळेच नाही. सतराव्या शतकात त्यांतल्या काहींनी टोगोच्या किनाऱ्यावर वस्ती केली, तिचं नाव अनेहो. तिथली भाषा आजही मीना या नावाने ओळखली जाते. जागाही निवडली ती ओळखीची: एका बाजूला खाजण, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये वाळूची पट्टी.

डचांनी ६ एप्रिल १८७२ रोजी एल्मिना इंग्रजांच्या हवाली केलं. गावाला विचारलं नव्हतं. राजा कोबिना ग्यान याने ते मान्य केलं नाही. त्याला सिएरा लिओनला हद्दपार करण्यात आलं. १३ जून १८७३ रोजी इंग्रजांनी किल्ल्यातून आणि जहाजांतून तोफा डागून जुनं गाव जमीनदोस्त केलं. माणसं बेन्या ओलांडून उत्तरेला गेली. दगडी घरांची ती दाट पट्टी परत बांधू दिली गेली नाही. १९८५च्या सुमारास ख्रिस्तोफर डीकोर्स या पुरातत्त्वज्ञाने तिथे उत्खनन सुरू केलं, तेव्हा मोकळ्या मैदानाखालून घरांच्या भिंती आणि त्यांत राहून गेलेल्यांची भांडी बाहेर येऊ लागली.

आज किल्ल्याच्या पश्चिमेची ती पट्टी उघडी आहे. पूल ओलांडून उत्तरेला गेलं की बेन्याच्या काठाने रंगवलेल्या होड्या एकमेकींना खेटून उभ्या असतात, आणि बायका पाट्या घेऊन वाट पाहत असतात. मंगळवार सोडून.